सर्व्हरचा अव्वल कारकून

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य परभणी जिल्ह्यात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सातबारा काढायला आलेला, उत्पन्नाचा दाखला मागणारा, रेशन दुकानात अंगठा पुढे करून उभा असलेला, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सेवा केंद्रावर घाम पुसणारा, कुणीही असो. वाक्य कानावर पडलं की तो मान डोलावतो आणि चहाला जातो. पाऊस, लाईट आणि सर्व्हर या तिन्ही गोष्टी वरून येतात आणि वरच्याच्याच मर्जीने जातात, हे आम्ही केव्हाच मान्य केलंय. प्रत्यक्ष सर्व्हर पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागेल. मी पाहिलाय. आमच्या कॉलेजात आहे.

कॉलेज कोणत्या तालुक्यातलं ते विचारू नका. सेलू म्हणावं तर जिंतूरवाल्यांना वाईट वाटायचं, आणि गंगाखेड म्हणावं तर पाथरीवाले विचारणार, आमच्यात काय कमी होतं? तर या कॉलेजच्या ग्रंथालयात, विश्वकोशाच्या कपाटामागे, टेबलाखाली एक काळा संगणक आहे. त्याच्यावर कागद चिकटवलाय : 'यास हात लावू नये. आदेशावरून.' आदेश कुणाचा, ते कागदाचा खालचा कोपरा फाटल्यामुळे कळत नाही, आणि म्हणूनच तो अजून पाळला जातो. हाच आमचा सर्व्हर. चोवीस तास जिवंत असणं एवढंच ज्याचं काम, त्याची नोंद कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरात आहे. त्याच्यावर देखरेख करणारे संगणकाचे सर तासिका तत्त्वावर आहेत. अहोरात्र चालणारं यंत्र आणि तासावर मोजला जाणारा माणूस, ही जोडी कुठल्या शासन निर्णयाने जमली कोण जाणे.

सर्व्हरवर 'कोहा' चालतं. ग्रंथालयाची देवघेव, दंड, पुस्तकांची यादी सांभाळणारी ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत तिथे सुरू झाली. ती फुकट आहे. नॅकची समिती येणार, ग्रंथालयाचं संगणकीकरण झालंय का विचारणार, आणि संगणकीकरणासाठी तरतूद शून्य, अशा परिस्थितीत महाराष्ट्रातल्या पुष्कळ महाविद्यालयांना न्यूझीलंड एकदम जवळचं वाटू लागलं. कोहा बसतं लिनक्सवर. आमच्याकडे लिनक्सची उबुंटू नावाची आवृत्ती आहे. आणि उबुंटूवर काहीही आणायचं, बसवायचं, अद्ययावत करायचं किंवा काढायचं तर ज्याच्यामार्फत अर्ज करावा लागतो, त्याचं नाव ॲप्ट.

हा लेख त्या ॲप्टबद्दल आहे. माझा विषय मराठी. संगणकाशी संबंध गुणपत्रिकेपुरता. पण रिकाम्या तासाला मी ग्रंथालयात बसतो आणि सर त्या काळ्या पडद्याशी जे संभाषण करतात ते पाहतो. त्यावरून माझं ठाम मत झालंय की आमच्या संपूर्ण संस्थेत, नकार देताना कारण लेखी सांगणारा आणि त्यावरचा उपायही खाली लिहून देणारा, असा हा एकच कर्मचारी आहे. आणि त्याचं लिहिलेलं कुणीही वाचत नाही.

ॲप्ट १९९८ साली आला. तो डेबियनचा. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ मध्ये सुरू केली. स्वतःच्या नावाआधी मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव जोडून त्याने 'डेबियन' केलं. (आमच्याकडे अशी नावं फक्त कापड दुकानांना आणि मंगल कार्यालयांना देतात.) ॲप्टच्या आधी एखादं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं की ते म्हणायचं, मला अमुक दुसरं लागतं. ते आणावं, तर त्याला तिसरं. तिसऱ्याला चौथं, पण नव्या आवृत्तीचं नको, जुन्याच. तहसीलमध्ये दाखल्याला दाखला आणि त्याला पुन्हा प्रतिज्ञापत्र लागतं, त्याचा अनुभव असलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही. आता अशी कल्पना करा की त्याच तहसीलमध्ये एक अव्वल कारकून आहे. तुम्ही खिडकीवर फक्त शेवटच्या दाखल्याचं नाव सांगायचं. तो आतल्या आत सगळे कागद स्वतः गोळा करतो, कोणता आधी आणि कोणता नंतर ते लावतो, एवढा डेटा खर्च होईल आणि एवढी जागा लागेल हे आधीच सांगतो, आणि मग नम्रपणे विचारतो, 'पुढे जाऊ का?' असा कारकून प्रत्यक्षात दिसला तर लोक त्याची बदली होऊ नये म्हणून मोर्चा काढतील. आमच्या टेबलाखाली तो आहे, आणि त्याला म्हणतात, 'हे काय कटकट करतंय.'

'पुढे जाऊ का?' याच्यापुढे कंसात 'वाय' आणि 'एन' अशी दोन अक्षरं असतात. त्यातलं वाय मोठ्या लिपीत, एन छोट्या. म्हणजे काहीही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी होकार धरला जातो. गप्प बसणं म्हणजे संमती, ही पद्धत संस्थेच्या वार्षिक सभेत आम्ही पूर्वीपासून वापरतो.

मात्र या अव्वल कारकुनाशी बोलायला आधी 'सुडो' म्हणावं लागतं, म्हणजे मी साहेबांच्या वतीने बोलतोय असं सांगावं लागतं. ही सुडोची सोय १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात तयार झाली. पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती तीन वाक्यांचं प्रवचन ऐकवते : दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान ठेवा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. सर रजेवर असताना ग्रंथपाल मॅडमनी एकदा आपल्या नावाने सुडो वापरून पाहिलं. त्यांचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नव्हतं. पडद्यावर आलं की तुम्ही यादीत नाही आणि या प्रकाराची वर नोंद कळवली जाईल. मॅडम दोन दिवस अस्वस्थ. 'कळवणार म्हणजे कुणाला? सहसंचालक कार्यालयाला का?' मुळात ती तक्रार जाते त्याच यंत्रातल्या मुख्य खात्याकडे, आणि ते खातं कुणीही उघडत नाही, हे सरांनी सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. तक्रार निवारणाची ही पद्धत त्यांना ओळखीची होती.

नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो 'ॲप्ट अपडेट' या आज्ञेने. ही आज्ञा दिली की पडद्यावर ओळींची रांग धावते, टक्के मोजले जातात, काहीतरी भराभर उतरतंय असं दिसतं, शेवटी 'झालं' येतं. आणि काहीच अपडेट झालेलं नसतं. ती आज्ञा फक्त नवी यादी आणते : कोणत्या वस्तूची कोणती नवी आवृत्ती आली आहे, एवढंच. वस्तू आणायला 'अपग्रेड' अशी वेगळी आज्ञा आहे. प्राचार्यांनी एकदा सरांना विचारलं, 'सर्व्हर अपडेट केला का?' सर प्रामाणिक. ते म्हणाले, 'अपडेट केलाय सर, अपग्रेड नाही केला.' प्राचार्यांनी काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर सरांच्या मुदतवाढीचा कागद होता, म्हणून सरांनी त्यानंतर 'हो' एवढंच म्हणायचं ठरवलं.

आता कुलपाचं प्रकरण. ॲप्टचा एक नियम आहे : एका वेळी एकच माणूस दप्तर उघडेल. कुणी आत काम करत असेल तर ॲप्ट बाहेरून कुलूप लावून घेतो आणि दुसऱ्याला नम्रपणे सांगतो, दप्तर अमक्या क्रमांकाच्या कामाकडे आहे. आमच्याकडे सर रोज सकाळी अकराला बसले की दप्तर कुणाकडे तरी असायचंच. सर्व्हरला हात लावणारं दुसरं कुणी नाही, मग आत कोण बसलंय? यावर ग्रंथालयात बरेच तर्क झाले. व्हायरस आहे इथपासून ते विद्यापीठातून कुणीतरी नजर ठेवतंय इथपर्यंत. ओळीत त्या माणसाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं : 'अनअटेंडेड अपग्रेड्स', म्हणजे सुरक्षेचे बदल आपोआप बसवणारी उबुंटूचीच व्यवस्था. तिची वेळ पहाटे सहाची, फार तर त्यापुढे तासाभरात. जगभर सगळे सर्व्हर पहाटे गुपचूप हे काम उरकून घेतात. आमचा का घेत नाही?

कारण आमचा पहाटे झोपलेला असतो. संध्याकाळी पंखे, ट्यूबलाइटी बंद करता करता शिपाई मामा सर्व्हरही बंद करत होते. सर आल्यावर चालू. आणि चुकलेलं काम चालू झाल्या झाल्या भरून काढायचं, हा त्या व्यवस्थेचा शिरस्ता. म्हणून ती नेमकी अकरालाच दप्तर उघडून बसायची. सरांनी मामांना समजावलं, 'मामा, तो सर्व्हर आहे. तो बंद करायचा नसतो.'

'रातभर कामून चालू ठिवायचं? रातच्याला कुनी पुस्तक न्यायला येतंय का?'

'तसं नाही मामा. याला बंदच करायचं नाही कधी.'

'मंग त्याला बटन कामून दिलंय?'

याचं उत्तर जगातल्या कुठल्याही सर्व्हर कंपनीकडे असेल असं मला वाटत नाही. सरांनी बटणावर चिकटपट्टी लावली. मामांनी तिचा मान ठेवला आणि त्या दिवसापासून ते भिंतीवरचा मेन स्विच बंद करू लागले.

मेन स्विच अशा वेळी बंद होतो की जेव्हा आत अपग्रेड अर्ध्यावर आलेलं असतं. आणि मामांनी दया केली तरी महावितरणच्या तारांवर आमच्या गावात झाडं, माकडं आणि मे महिना असे तिघे बसलेले असतात. पारा बेचाळीसच्या वर गेला की गावातले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि रोहित्र राम म्हणतं. यूपीएस आहे, त्याची बॅटरी फुगलेली आहे. इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर प्राचार्यांच्या केबिनचा पंखा आहे. म्हणजे सॉफ्टवेअर खोललंय, जुने तुकडे काढलेत, नवे अजून बसायचेत, आणि अंधार. परत लाईट आल्यावर काहीही आज्ञा दिली तरी ॲप्ट म्हणतो : मागचं काम अर्धवट राहिलंय, आधी 'डीपीकेजी कॉन्फिगर ए' ही आज्ञा स्वतःच्या हाताने द्या. बस. आजार आणि औषध एकाच ओळीत. ती ओळ जशीच्या तशी खाली टाइप करायची, की उरलेले तुकडे तो मुकाट्याने बसवतो.

पण एकदा हे झालं तेव्हा सर परभणीला शिबिराला. मॅडमनी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. फोटो तिरका, मध्ये ट्यूबलाइटची पांढरी रेघ, एका कोपऱ्यात त्यांचंच प्रतिबिंब, आणि खालच्या दोन ओळी कापलेल्या. तो त्यांनी पुण्यात हिंजवडीला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला पाठवला. गावाकडच्या प्रत्येक बंद पडलेल्या यंत्राचा फोटो शेवटी हिंजवडीत किंवा वाकडमध्ये मीटिंगमध्ये बसलेल्या कुणातरी पोराकडे जातो. त्याने बाहेर येऊन फोन केला.

'मॅडम, खालच्या दोन ओळी दिसत नाहीयेत.'

'अरे, त्यात काही नव्हतं. नुसतं इंग्रजी होतं.'

'त्याच पाहिजेत मॅडम.'

'थांब, परत काढते.' तोवर लाईट पुन्हा गेली होती.

इंग्रजीचा हा अडसर दूर व्हावा म्हणून कुणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. ॲप्टला मराठी येतं. मुंबईच्या सी-डॅकमध्ये 'जनभारती' नावाचा प्रकल्प होता, त्यातून ॲप्टच्या संदेशांचा मराठी अनुवाद झालेला आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या आधी मी हे सरांकडून ऐकलं आणि हट्टच धरला, की निदान २७ फेब्रुवारीला तरी सर्व्हर मराठीत बोलला पाहिजे. सरांनी भाषा बदलली. पडद्यावर पांढऱ्या ठोकळ्यांच्या रांगा उमटल्या. लिनक्सचा तो काळा मूळ पडदा फार जुन्या पद्धतीचा. त्याला मोजकीच अक्षरं ठेवायला जागा असते आणि जोडाक्षर, वेलांटी जुळवणं त्याला जमत नाही. खिडक्यांचा, माउसचा पडदा असेल तिथे मराठी नीट दिसतं, सर्व्हरवर ठोकळे. तेव्हा आतून तो शुद्ध मराठीत चूक सांगत होता आणि बाहेर आम्ही ठोकळे पाहत होतो. प्राचार्यांनी कौतुकाने विचारलं, 'मोडी का?'

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एक वेगळाच आजार उद्भवला. जूनमध्ये सर्व्हर चालू केला आणि ॲप्टने नवी यादी स्वीकारायलाच नकार दिला. म्हणाला, ही यादी अजून वैध नाही. वैध व्हायला चाळीस-पंचेचाळीस दिवस आहेत. आतलं घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला होता. दीड महिना वीज नाही आणि बाहेरून वेळ विचारून घ्यायचा रस्ता कॉलेजच्या इंटरनेटवाल्याने बंद केलेला. म्हणून सर्व्हरने शेवटची आठवणारी तारीख धरली. त्याच्या मते अजून सुट्टी लागायची होती. जूनमधली यादी त्याच्या हातात आली तेव्हा त्याने ती भविष्यातली म्हणून परत केली. आमच्या इथे पुढच्या तारखेचे कागद सहज खपतात, पण हा कारकून नियमाला पक्का. नवा सेल येईपर्यंतच्या दोन दिवसांत विद्यार्थ्यांनी परत केलेली सगळी पुस्तकं कोहाने मुदतीच्या आत जमा करून घेतली. दंड कुणालाच नाही. ही बातमी हॉस्टेलवर कशी पोचली कोण जाणे, पण ग्रंथालयाबाहेर इतकी रांग मी नॅकच्या दिवशीही पाहिली नव्हती.

सेल म्हणजे सीआर २०३२, रुपयाच्या नाण्याएवढा. सर बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे गेले. त्याने भिंगाखालून वर न बघताच विचारलं, 'कोन्त्या घड्याळात टाकायचा?' सर म्हणाले, 'सर्व्हरमध्ये.' घड्याळवाला थांबला. भिंग कपाळावर सरकवलं. म्हणाला, 'म्हंजी ते डाऊन डाऊन म्हनत्यात ते ह्याच्यानंच का?' सरांनी सेल घेतला आणि ते लगबगीने परतले. तरी त्या आठवड्यात गावातल्या सेवा केंद्रावर काही शेतकऱ्यांनी ऑपरेटरला सेल बदलण्याचा सल्ला दिल्याचं माझ्या कानावर आलं.

जागेचं प्रकरण मॅडमच्या अधिकारात येतं. उबुंटू नवा कर्नल आणतो, म्हणजे मूळ गाभा, तेव्हा जुना लगेच फेकत नाही. नवा बिघडला तर असू द्यावा म्हणून ठेवतो. असं करत करत 'बूट' नावाची छोटी खोली भरून जाते आणि एक दिवस अपग्रेड अडतं : जागा शिल्लक नाही. यावरही ॲप्ट आधीपासून रोज खाली लिहीत असतो, की अमुक अमुक वस्तू आता कुणाला लागत नाहीत, 'ऑटोरिमूव्ह' म्हणा, मी काढतो. सरांनी ही यादी मॅडमना दाखवण्याचा सौजन्यपूर्ण उद्योग केला. मॅडम म्हणाल्या, 'असं कसं काढता येईल? निर्लेखन समिती बसवावी लागेल.' ग्रंथालयातलं एक फाटकं पुस्तक काढायचं तरी यादी, समिती, ठराव, शिक्का असं सगळं होतं. सरांनी सांगितलं की या वस्तू दिसत नाहीत, विकत घेतलेल्या नाहीत, त्यांची किंमत शून्य आहे. मॅडमना ते पटलं. फक्त लेखापरीक्षणात विचारलं तर काय, एवढीच शंका उरली. शेवटी वहीत लिहिलं गेलं : 'लिनक्स कर्नल, जुने, नग ४, निरुपयोगी, नष्ट केले.' खाली तिघांच्या सह्या. एक सही माझी आहे. भारतात कर्नलचं रीतसर निर्लेखन करणारं आमचं पहिलंच ग्रंथालय असावं.

या कारकुनाचा खरा स्वभाव मात्र दिसतो एका प्रश्नात. अपग्रेडच्या मध्येच तो थांबतो आणि म्हणतो : ही मांडणीची फाइल तुम्ही, किंवा तुमच्या वतीने कुणीतरी, बदललेली आहे. मूळ मालकांनीही नवी पाठवली आहे. आता काय करू? वाय म्हणाल तर त्यांची घेतो, एन म्हणाल तर तुमची ठेवतो, डी म्हणाल तर दोन्हींत फरक काय ते दाखवतो. काहीच बोलला नाहीत तर तुमचीच ठेवीन.

हा प्रश्न वाचून मला अक्षरशः भरून आलं होतं. वरून नवं परिपत्रक आलंय, तुमच्या गावात काही वेगळी पद्धत आहे, बोला, कोणती ठेवू? असं परभणीला मुंबईने कधी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण त्या क्षणी पडद्यासमोर बसलेल्या माणसाला भरून येत नाही. त्याला घाम येतो. कारण ती फाइल कुणी बदलली, केव्हा, कशासाठी, हे सांगणारा माणूस कॉलेज सोडून बँकेत लागलेला असतो. डी दाबला तर सगळं समोर येतं. डी कुणी दाबत नाही. 'नवी म्हणजे चांगली' या न्यायाने आमच्याकडे एका पाहुण्या तज्ज्ञाने वाय दाबलं. फाइल होती अपाचेची, म्हणजे पानं बाहेर वाढणाऱ्या सॉफ्टवेअरची. तिच्यात पूर्वी कुणीतरी '८०८०' हा दरवाजा उघडा ठेवा अशी एक ओळ लिहिली होती. कोहाचं कर्मचाऱ्यांसाठीचं पान त्याच दरवाजातून चालतं. नव्या फाइलमध्ये ती ओळ नव्हती. विद्यार्थ्यांना पुस्तकं शोधता येत होती, मॅडमना देता येत नव्हती. तज्ज्ञ तोवर जेवून, मानधन घेऊन, पूर्णा स्टेशनवर पोचले होते. सर आले, त्यांनी ती एक ओळ परत लिहिली, अपाचे नव्याने चालू केलं, दोन मिनिटं. त्यांना मानधन नाही, कारण तासिका पूर्ण झाली नव्हती.

याहून मोठा इशारा ॲप्ट फार क्वचित देतो. यंत्राचा पायाच उखडेल अशी वस्तू काढायला सांगितली तर वाय-एनवर तो भागवत नाही. तो म्हणतो, तुम्ही घातक काहीतरी करताय, खरंच करायचं असेल तर पूर्ण वाक्य लिहा : 'हो, मी सांगतो तसं कर!' तेही इंग्रजीत, उद्गारचिन्हासकट. लिनस सेबॅस्टियन नावाच्या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने २०२१ मध्ये लिनक्स शिकताना गेम खेळण्यासाठी स्टीम बसवायला घेतलं, हा इशारा आला, त्याने ते वाक्य टाइप केलं आणि त्याच्या संगणकाचा सगळा दर्शनी पडदाच गायब झाला. लाखो लोकांनी ते पाहिलं. न वाचता सही करणं ही केवळ मराठवाड्याची मक्तेदारी नाही, हे पाहून मला बरं वाटलं.

आणि अपडेट न विचारता घडलं की काय होतं तेही जगाने १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा एक सदोष बदल आपोआप पोचला आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडून बसली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्या लिनक्सला काही झालं नाही, पण मॅडमनी ती बातमी कापून नोटीस बोर्डावर लावली. कोहा आल्यापासूनही त्या देवघेवीचं हाताचं रजिस्टर समांतर लिहितात, आणि त्यावरून त्यांना जे टोमणे खावे लागले होते त्यांचं उट्टं विमान कंपन्यांनी काढलं.

एवढ्या शिस्तीच्या कारकुनाचा एक छंद आहे, तो सांगितलाच पाहिजे. 'ॲप्ट मू' अशी आज्ञा दिली की तो काम सोडून कंस आणि रेघांनी एक गाय काढतो आणि विचारतो, आज हंबरलात का? सर कंटाळले की ती आज्ञा देतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा मागे उभे होते. त्यांनी वाकून गाय निरखली.

'जर्सी दिसायलीय,' मामा म्हणाले. 'लाल कंधारी न्हाई.'

'कशावरून?'

'वशिंड कुठंय?'

खरोखरच पाठीवर सरळ रेघ आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षं जगभरचे तज्ज्ञ ॲप्ट वापरतायत, पण हा दोष कुणी नोंदवल्याचं ऐकिवात नाही.

आता प्रश्न उभा राहिलाय आवृत्ती बदलण्याचा. आमचा उबुंटू २०.०४, त्याचा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला. उबुंटूवाले आवृत्त्यांना प्राण्यांची नावं देतात, डेबियनवाले 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची. आमच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' ज्वारी दिली, 'परभणी शक्ती' ज्वारी दिली, केवडा रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' भेंडी दिली. नाव ऐकल्यावर निदान पिकाची खात्री वाटते. 'जॅमी जेलीफिश' या नावावर विश्वास ठेवून ग्रंथालय त्याच्या हवाली कसं करायचं? शिवाय २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४. दोनदा जीव मुठीत.

विषय महाविद्यालय विकास समितीपुढे आला. सरांनी धोके सांगितले, बॅकअपला नवी हार्डडिस्क मागितली. एका सदस्यांनी 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणून धीर दिला. दुसरे ज्येष्ठ सदस्य 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणाले, आणि ते अधिक वास्तववादी वाटल्याने सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. हार्डडिस्कसाठी तीन दरपत्रकं मागवावीत असं ठरलं. आवृत्ती बदलाला एकमताने मंजुरी मिळाली, आणि वर्ग चालू असताना जोखीम नको म्हणून हे काम दिवाळीच्या सुट्टीत करावं, असा ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलंय. कोणत्या वर्षीची दिवाळी, ते सभेत कुणी बोललं नाही, म्हणून मीही लिहिलं नाही.